आजोबांवर पहारा

आमच्या पाणीपुरवठा विभागाचा प्रोग्रॅम गेल्या कित्येक वर्षांत एकदाही बंद पडलेला नाही. त्याने काम केले, असे मात्र कोणी म्हणत नाही. चालू असणे आणि काम करणे या दोन स्वतंत्र बाबी आहेत. पहिलीची जबाबदारी संगणक कक्षाकडे आहे. दुसरी अद्याप कोणाकडेही सोपवण्यात आलेली नाही.

संगणक कक्ष म्हणजे मी. तळमजल्यावर जिन्याखाली माझी खोली आहे. खोलीत दोन पंखे आहेत, त्यांतला चांगला सर्व्हरसाठी आणि दुसरा माझ्यासाठी. डोक्यावरून दिवसभर वरिष्ठांचे बूट वर-खाली करत असतात, आणि कोण रजेवर आहे हे मला हजेरीपटाच्या आधी कळते.

प्रोग्रॅमला विभागात सगळे 'आजोबा' म्हणतात. वयामुळे नव्हे, धाकामुळे. आजोबा एकदा बसले की त्यांना उठा म्हणायची सोय नसते. प्रोग्रॅम बंद केला तर तो पुन्हा चालू होईल की नाही, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक होते ते गृहस्थ निवृत्त होऊन मधमाश्या पाळतात, आणि फोन केला की "इथे गुणगुण फार आहे, काही ऐकू येत नाही" म्हणून ठेवून देतात. तेव्हा विभागाचा अलिखित नियम असा, की आजोबांना हात लावायचा नाही. मध्यंतरी वीज गेली, तेव्हा आधी आजोबांची बॅटरी तपासण्यात आली आणि मग लिफ्टमध्ये अडकलेल्या उपसंचालकांना बाहेर काढण्यात आले. उपसंचालकांनीही त्याबद्दल तक्रार केली नाही.

अशा सुरळीत वातावरणात एके दिवशी लाँड्रीवाल्या ताई माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. विभागातल्या निम्म्या लोकांचे कपडे त्यांच्याकडे धुतले जातात. मोठ्या आवाजाच्या, मोठ्या मनाच्या बाई. पण त्या दिवशी आवाज बसलेला होता.

"भाऊ, माझ्या अर्जाचं काय झालं?"

"प्रक्रियेत आहे, ताई."

"मागच्या वेळीही हेच म्हणालात."

"मागच्या वेळीही होताच."

त्यांनी माझ्याकडे असे बघितले, की मी मुकाट्याने खुर्ची पुढे केली. मग त्यांनी सगळे सांगितले. त्यांची जुनी लाँड्री ज्या इमारतीत होती ती महिनाअखेरीस पाडणार होते. दोन गल्ल्या सोडून त्यांनी नवीन गाळा घेतला होता. मशिने बसली होती, मोरी बांधून झाली होती, इस्त्रीची टेबले लागली होती, भिंतीवर चकचकीत नळही होते. त्या नळांत पाणी तेवढे नव्हते, कारण नळजोडणी जुन्या गाळ्यातून नव्या गाळ्यात नेण्याचा अर्ज आजोबांच्या पोटात होता. ताई रोज जुन्या गाळ्यातून पिंप भरून हातगाडीने नव्या गाळ्यात पाणी नेत होत्या. त्यात जेमतेम मोजे आणि रुमाल निघत.

"आणि इमारत पडल्यावर काय नेऊ? हवा भरून?" ताई म्हणाल्या. "भाऊ, लाँड्रीला पाणी नाही म्हणजे लाँड्रीच नाही. सगळं घातलंय मी त्या गाळ्यात. तुमचे तीन शर्ट तिथेच पडलेत. संचालकसाहेबांचा कोट आहे. छाननी शाखेच्या मॅडमच्या घरचे सगळे पडदे आहेत. कोणाचं काय धुऊ आणि कशानं धुऊ?"

मी तसा मनाने हळवा आहे. शिवाय अंगातला शर्ट सलग चौथ्या दिवशी घातलेला होता. मी म्हणालो, "ताई, बघतो."

आमच्या विभागात 'बघतो' म्हणजे 'या आता'. पण या खेपेस मी खरोखरच बघायचे ठरवले, आणि पुढचे सगळे त्यातूनच उद्भवले.

अशा बघण्यासाठी एक साधन असते. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, एवढेच त्याचे कर्मकांड. प्रोग्रॅम म्हणजे एक ऑफिस आहे असे धरा. आत पुष्कळ खोल्या, प्रत्येक खोलीचे एक काम, आणि प्रत्येक खोलीला बांधणाऱ्याने दिलेले नाव. अर्ज एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरत असतो. हे साधन तुम्ही नाव घ्याल त्या खोलीच्या उंबऱ्यावर एक पहारा बसवते. त्यासाठी प्रोग्रॅम थांबवावा लागत नाही, नव्याने बांधावा लागत नाही. तो आपला चालूच असतो. मग उंबरा ओलांडेल त्याची नोंद होते. हवी असेल तर बाहेर पडतानाही होते. हातात काय घेऊन चालला होता, तेही दिसते. काम झाले की आणखी एक ओळ टाइप करायची, की पहारा उठला. आतल्याला कशाचा पत्ताही लागत नाही.

मी छाननीच्या खोलीवर पहारा बसवला. ताईंचा अर्ज तिथे फिरकला नाही. मोजणीच्या खोलीवर बसवला, तिथेही शुकशुकाट. मग मंजुरीच्या अलीकडे एक खोली होती, तिचे नाव 'विचार'. तिथे पहारा बसवला मात्र, पडद्यावर ओळींचा पूर आला. ताईंचा अर्ज, पुन्हा ताईंचा अर्ज, पुन्हा तोच. त्याच्यासोबत अर्ध्या शहराचे अर्ज. सगळे त्या एका खोलीत गोल गोल फिरत होते.

कारण शोधायला मला फार वेळ लागला नाही. पूर्वी आजोबा अर्ज आल्याआल्या मंजूर करत. त्यावर नागरिकांनी तक्रारी केल्या की इतक्या झटपट मंजुरी मिळते म्हणजे कोणी वाचलेच नसणार. तेव्हाच्या संचालकांनी मग ही 'विचार' खोली बांधून घेतली. प्रत्येक अर्जावर यथोचित गांभीर्याने थोडा वेळ विचार व्हावा, आणि विचार चालू असताना नवा अर्ज दाखल झाला तर परिस्थिती बदलली असे समजून पहिल्यापासून पुनर्विचार व्हावा, असा तिचा नियम होता. नियमात खोट काढायला जागा नव्हती. फक्त नवे अर्ज सतत येतच असतात. त्यामुळे मंजुऱ्या निघत त्या सार्वजनिक सुट्टीला, कारण त्या दिवशी कोणी अर्ज करत नसे. सुट्टीतही काम करणारा विभाग म्हणून आम्हाला त्याबद्दल दर वर्षी पुरस्काराची ढाल मिळे. पुढे घरबसल्या अर्ज करायची सोय झाली, लोक सुट्टीतही अर्ज करू लागले, आणि ढाल व मंजुऱ्या दोन्ही थांबल्या.

मी आनंदाने तीन जिने चढून संचालकसाहेबांकडे गेलो. साहेब लग्नातला सूट घालून बसले होते, कारण रोजचा कोट ताईंकडे होता. सूट त्यांच्या लग्नाच्या वेळचा होता, साहेब आताचे होते. श्वास ते बेताने घेत होते. मी सगळे सांगितले आणि म्हणालो, "एक ओळ बदलली की झालं, साहेब."

"बदलायला आजोबा बंद करावे लागतील?"

"थोडा वेळ."

"आणि परत चालू झाले नाहीत तर?"

मी छताकडे पाहिले. साहेबांनीही पाहिले. छताला काही सुचवायचे नव्हते.

"बरं, हे जे तुम्ही पहारे बसवलेत," साहेब जरा पुढे झुकले, "त्यासाठी बंद करावं लागलं?"

"नाही."

"काही बदललं?"

"अजिबात नाही."

"कोणाची परवानगी?"

"नुसतं बघायला कसली परवानगी, साहेब?"

साहेब एकदम उठून उभे राहिले. सुटाचे एक बटण तुटून माझ्या पायाशी आले. "म्हणजे काही थांबवायचं नाही, काही बदलायचं नाही, आणि सगळं दिसतं! अहो, तीस वर्षं मी असाच कारभार करत आलोय. त्याचं मशीन निघालंय हे मला आज कळतंय!"

दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघाले. 'चल-अनुरेखनबिंदू स्थापना व संनियंत्रण धोरण' असे त्याचे नाव होते. मी ज्याला पहारा म्हणत होतो त्याला आता चल-अनुरेखनबिंदू म्हणायचे होते. पण परिपत्रक वाचता वाचता साहेबांची स्वतःचीच जीभ दोनदा अडखळली, तेव्हा बोलताना पहारा म्हणण्यास मुभा देण्यात आली. 'विचार' खोलीतल्या दोषाचाही परिपत्रकात आदराने उल्लेख होता. सदर दोषाचे बारकाईने निरीक्षण करण्यात यावे, असे त्यात म्हटले होते.

प्रत्येक शाखेला प्रोग्रॅममधल्या आपल्या नावाच्या खोलीवर पहारा मिळाला, आणि लगेच मानापमान सुरू झाले. छाननी मॅडमच्या लक्षात आले की त्यांच्या खोलीवर फक्त आत जाताना नोंद होते, मोजणीसाहेबांच्या खोलीवर मात्र आत जाताना आणि बाहेर पडतानाही होते. त्या जिना उतरून माझ्या खोलीपर्यंत आल्या. छाननी मॅडम जिना उतरतात, ही विभागाच्या इतिहासातली नोंद घेण्याजोगी घटना होती.

"मी काय त्यांच्याहून कनिष्ठ आहे?"

"तसं नाही, मॅडम. तुमच्या खोलीतून काय बाहेर पडतं हे आधीच ठरलेलं असतं, म्हणून."

"ते मला माहितीये. पण नोंद नको का व्हायला?"

मी नोंद लावली. मग मोजणीसाहेबांना अर्जदाराचे नावही दिसायला हवे झाले, मॅडमना नाव आणि पत्ता, मोजणीसाहेबांना नाव, पत्ता आणि नळाचा व्यास. उपसंचालकांनी प्रत्येक खोलीवर एक पहारा मागितला आणि संचालकसाहेबांनी उपसंचालकांच्या पहाऱ्यांचे अहवाल तयार करणाऱ्या प्रोग्रॅमवर. अहवाल निघाला की त्याची नोंद होई, नोंद झाली की तिचा अहवाल निघे. मी दिवसभर ओळी टाइप करत बसलो होतो. खोटे कशाला बोला, मला बरेही वाटत होते. पूर्वी माझ्याकडे कोणी ढुंकूनही बघत नसे. आता वरिष्ठ चहा पाठवत होते.

मग साहेबांनी दर्शनी भागात एक मोठा पडदा लावून घेतला. एका दिवसात किती उंबरे ओलांडले गेले याचा त्यावर आलेख. रेघ अशी उसळत होती, की बघणाऱ्याचा ऊर भरून यावा. लोकांना हे घरबसल्या बघता यावे म्हणून पारदर्शकतेच्या नावाखाली फोनवरही सोय केली. आपला अर्ज या क्षणी हलतो आहे की नाही, हे ज्याला त्याला आपल्या फोनवर उसळत्या रेघेत दिसू लागले. नागरिक खूश झाले. पूर्वी खिडकीशी येऊन आरडाओरडा करणारे लोक आता बाहेरच्या बाकावर बसून एकमेकांना रेघा दाखवत. "माझा बघा, सकाळपासून थांबलेला नाही," असे एक गृहस्थ शेजाऱ्याला सांगत होते, आणि शेजाऱ्याचा चेहरा पडला होता.

या सगळ्यात ताईंचा अर्ज पहिला आला. 'विचार' खोलीत तो सर्वांत जास्त वेळ गरगरत होता, त्यामुळे सर्वाधिक कार्यवाही झालेला अर्ज तोच ठरला. साहेबांनी ताईंचा जाहीर सत्कार ठेवला.

सत्काराच्या दिवशी सभागृहाच्या सगळ्या खिडक्या उघडून ठेवाव्या लागल्या. एव्हाना विभागातल्या निम्म्या लोकांचे कपडे ताईंकडे अडकले होते आणि उरलेले अंगावर होते. छाननी मॅडमनी अत्तराची बाटली रिकामी केली होती. मोजणीसाहेब घरच्या गाउनवर टाय लावून आले होते. लग्नातला सूट आता फक्त श्रद्धेवर टिकून होता. साहेब भाषणात म्हणाले की या भगिनीच्या एका साध्या अर्जावर विभागाने जेवढी कार्यवाही केली तेवढी आजवर कोणावरही केलेली नाही. टाळ्या झाल्या. ताईंना फुलांचा गुच्छ देण्यात आला.

"ताजी आहेत हं," साहेब प्रेमाने म्हणाले. "घरी गेल्यावर पाण्यात ठेवा."

"कुठल्या पाण्यात?" ताईंनी विचारले.

पुन्हा टाळ्या झाल्या. लोकांना वाटले, आभार मानले.

कार्यक्रम संपल्यावर ताई जिन्याखाली माझ्या दारात आल्या. गुच्छ त्यांनी माझ्या टेबलावर आदळला नाही, नीट ठेवला. ते जास्त लागले.

"भाऊ, उद्या संध्याकाळी इमारतीचं पाणी तोडणार आहेत. परवा पाडायला सुरुवात." "तुम्ही बघतो म्हणाला होतात. सगळ्यांनीच बघितलं. मला तर गर्दीत नाचवून बघितलं. पाणी कधी सोडणार?"

मला शरम वाटली. इतके दिवस आयता चहा पिऊन मी या बाईला आणि तिच्या लाँड्रीला साफ विसरलो होतो. मी पुन्हा तीन जिने चढलो.

"साहेब, ती एक ओळ बदलूया. थोडा वेळच बंद ठेवावं लागेल."

"आणि सगळे अर्ज मंजूर होऊन बाहेर पडतील?"

"हो!"

"मग आलेखाचं काय?" साहेबांनी माझ्याकडे दुखावलेल्या नजरेने पाहिले. "अहो, विभागाची रेघ उभ्या जन्मात पहिल्यांदा वर गेलीये. तुम्हाला ती पाडायचीये?"

जिना उतरताना मी विचार करत होतो. दुरुस्तीला परवानगी नव्हती. बघण्याला मात्र कसलाच अटकाव नव्हता, उलट प्रोत्साहन होते. आता प्रत्येक पहारा नोंद करायला किंचित वेळ घेतो, चिमूटभरच. पण एका उंबऱ्यावर पुरेसे पहारे बसवले, आणि प्रत्येकाने येणाऱ्याची उभी-आडवी चौकशी केली, तर त्या उंबऱ्यावर रांग लागणारच. आणि नव्या अर्जांची आवक ज्या खोलीतून होते तिचा उंबराच जर असा तुंबला, तर नवे अर्ज आत येणार नाहीत. नवे अर्ज आत आले नाहीत, तर 'विचार' खोलीत परिस्थिती बदलणार नाही. आणि परिस्थिती बदलली नाही, तर आजोबांचा विचार एकदाचा पुरा होईल!

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच छाननी मॅडमकडे गेलो आणि सहज बोलल्यासारखे म्हणालो, "मॅडम, आवक खोलीवर मोजणीसाहेबांचे दोन पहारे झाले म्हणे."

"माझे किती?"

"एक."

"चार करा."

तिथून मोजणीसाहेबांकडे गेलो. त्यांना मॅडमचा आकडा कळल्यावर त्यांनी सहा सांगितले, आणि शिवाय अर्जदार पूर्वी कुठे राहत होता याचीही नोंद मागितली. मॅडमनी मग अर्जदाराच्या शेजाऱ्यांची मागितली. उपसंचालक म्हणाले, त्या दोघांचे जितके असतील त्यांच्या बेरजेहून माझा एक जास्त. दुपारपर्यंत मी दोन मजल्यांमध्ये एवढ्या खेपा घातल्या की शेवटी दोघांनी एकमेकांची तोंडे न बघताच मला नुसते "अजून" असे ओरडून सांगायला सुरुवात केली. मीही तत्परतेने ओळी टाइप करत गेलो. एकाही कागदावर सही लागली नाही.

दुपारनंतर आवक खोलीचा उंबरा तुंबला. बाहेर नवे अर्ज ताटकळत होते आणि आत एकेकाच्या शेजाऱ्यांची नोंद चालली होती. 'विचार' खोलीवरचा माझा पहारा आधी धडाधड ओळी टाकत होता, तो सावकाश झाला. मग एक ओळ आली. मग बराच वेळ काहीच आले नाही. मी खुर्चीच्या कडेला बसून होतो. आजोबा विचार करत होते, आणि आज त्यांना कोणी मध्येच टोकत नव्हते.

आणि मंजुरीच्या खोलीवरचा पहारा बोलला. लाँड्री, नवीन गाळा, मंजूर. त्याच्यामागून दुसरा, तिसरा, मग अख्खा लोंढा.

मंजुरी निघाली की मागच्या अंगणातल्या खोलीत घंटा वाजते आणि पाणी सोडणारे कर्मचारी पाने-हातोडे घेऊन निघतात, अशी आमच्याकडे पद्धत आहे. घंटा इतक्या काळाने वाजली की कर्मचारी आग लागली समजून बाहेर पळाले. फाटकाबाहेर गेल्यावर त्यातल्या सर्वांत जुन्या माणसाला आठवले की ही आगीची नव्हे, कामाची घंटा आहे. मग ते हत्यारे न्यायला परत आले. संध्याकाळपर्यंत अर्ध्या शहरातल्या चाव्या फिरवून झाल्या होत्या.

मी ऑफिस सुटल्यावर थेट ताईंच्या नव्या गाळ्यात गेलो. नळ आधी खोकला, मग लालसर पाणी थुंकला, आणि मग स्वच्छ, जाड धार लागली. ताई उपड्या पिंपावर बसल्या होत्या. त्यांनी धारेखाली हात धरला आणि कोपरापर्यंत भिजू दिला. मग एकदम उठून कोपऱ्यातल्या गाठोड्यांच्या डोंगराकडे बघत म्हणाल्या, "आधी साहेबांचा कोट टाकते बाई, तो सूट काही उद्याचा दिवस काढत नाही." मला इतका आनंद झाला, की मी एक गाठोडे उचलून मशीनपर्यंत नेले. ते नेमके छाननी मॅडमच्या पडद्यांचे होते. तरीही आनंद टिकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दर्शनी भागातल्या पडद्यावरची रेघ आडवी झोपली होती. 'विचार' खोली रिकामी होती. एकही अर्ज कुठे हलत नव्हता, कारण सगळे निकाली निघाले होते. आणि विभागातले सगळे फोन एकाच वेळी वाजत होते. मला वाटले, लोक आभार मानायला फोन करत असतील. मी उत्साहाने एक उचलला.

"अहो, सकाळपासून माझा अर्ज हललेला नाही!" एक गृहस्थ कडाडले. "काल रात्रीपर्यंत व्यवस्थित उड्या मारत होता."

"आपला अर्ज मंजूर झालाय, साहेब. पाणी आलंय का घरी?"

"ते मी बघितलं नाही. मी अर्जाचं विचारतोय."

"एकदा नळ उघडून बघता का?"

"विषय बदलू नका! रेघ का थांबली ते सांगा."

दुसऱ्या एका बाई होत्या. मागे धो धो पाणी पडल्याचा आवाज मला स्पष्ट येत होता. "ऐकू येत नाहीये," त्या म्हणाल्या, "थांबा, कुठलासा नळ वाहतोय, तो बंद करते. हां, बोला. तुमच्या विभागात आज काही काम चाललंय की नाही?"

दुपारपर्यंत फाटकाशी गर्दी जमली. विभाग झोपला, अशा घोषणा चालल्या होत्या. साहेब गॅलरीत आले. धुतलेला, इस्त्री केलेला कोट अंगावर होता आणि त्यांना पोटभर श्वास घेता येत होता, तरी चेहरा उतरला होता. लोकांची कळकळ बघून ते हेलावले आणि त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केले की लोकभावनेचा आदर करून, मंजूर झालेल्या सर्व नळजोडण्यांवर विभाग आता नव्याने विचार सुरू करील. आवक खोलीवरचे पहारे उतरवण्यात आले, नवे अर्ज खळाळून आत शिरले, जुने सगळे 'विचार' खोलीत परत घालण्यात आले. रेघ उसळली. फाटकाशी जल्लोष झाला, लोकांनी एकमेकांना फोन दाखवले आणि सगळे समाधानाने घरी गेले.

मी धावत ताईंकडे गेलो. त्यांची चारही मशिने घरघरत होती. मी त्यांना घडले ते सांगितले.

"म्हणजे माझ्या पाण्यावरही पुन्हा विचार करणार?" ताईंनी हात पुसत विचारले. "आणि नाही म्हणाले तर? नळ तोडणार?"

"विचार पुरा झाला तर तेही होऊ शकतं."

"मग भाऊ, एवढं करा. तो पुरा होऊ देऊ नका."

"ताई, त्याची काळजीच करू नका," मी म्हणालो. "ते काम आमच्याइतकं चोख कोणी करत नाही."

ताई मोठ्याने हसल्या, आणि त्यांनी माझे तीन शर्ट घडी घालून हातात दिले.

आता तुम्ही आमच्या विभागाला नावे ठेवाल. खुशाल ठेवा, आम्हाला सवय आहे. पण त्या सकाळी मी जेवढे फोन घेतले, त्यांतला एक आवाज तुमचा होता असे मला राहून राहून वाटते. मागे नळही वाहत होता. तुम्ही तो बंद केलात आणि मला विचारलेत, काम का थांबले म्हणून. तुमच्या मागणीप्रमाणे ते पुन्हा सुरू केले आहे. तुमच्या पाण्यावर विचार चालू आहे. फोनवर बघा, रेघ कशी छान उसळते आहे.